बारशाचा जिताडा

पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात त्या काळी घरामागे तळं नाही असं घर शोधूनच काढावं लागे. घराच्या भरावासाठी माती उकरायची आणि जो खड्डा राहील त्याला तळं म्हणायचं, असा सरळ हिशोब. त्या तळ्यात जिताडा सोडायचा. जिताडा ज्यांनी खाल्लाय त्यांना त्याची चव सांगायला नको, आणि ज्यांनी नाही खाल्ला त्यांना सांगून उपयोग नाही. पावसाळ्यात खाडीतून बोटभर पिल्लं धरून आणायची, तळ्यात टाकायची, आणि दोन-चार वर्षांनी जावई किंवा तालुक्याचा साहेब दारात आला की जाळं काढायचं. तळ्याच्या गोड्या पाण्यात हा मासा वाढतो झकास, पण तिथे त्याला पिल्लं मात्र होत नाहीत. त्यासाठी त्याला खाडीचं खारं पाणीच लागतं. हे खारेपाटातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

हिरामण म्हात्र्याच्या घरामागेही असंच तळं होतं. त्याच्या एकुलत्या लेकाचं, प्रविणचं, लग्न झालं त्या पावसाळ्यात हिरामणनं एकच पिल्लू तळ्यात सोडलं आणि ओटीवर बसून जाहीर केलं, "यो नातवाच्या बारशाला काढाचा. तवर कुनी हात लावाचा नाय." यात त्याची चूक एवढीच, की तो हे चारचौघांत बोलला. खारेपाटात ओटीवर बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत पार बांधावर जाऊन पोचतो. त्या दिवसापासून त्या माशाचं नाव बारशाचा जिताडा पडलं ते पडलंच.

सून आली होती पेण शहरातली, प्रणिता. बी.एस्सी. झालेली, पुढे रोह्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागलेली. प्रविणला धाटावच्या कंपनीत शिफ्टची नोकरी, म्हणून दोघं कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावात दोन खोल्यांत राहायची. दर मे महिन्यात सुट्टीला गावी यायची. मे महिन्यातच तळ्याला जाळं लागायचं. बाकीची मासळी टोपलीत जायची आणि बारशाचा जिताडा वर उचलून सगळ्यांना दाखवून परत पाण्यात सोडला जायचा.

पहिल्या वर्षी बायका म्हणाल्या, बारशाचा वीतभर जाला. मग म्हणाल्या, हातभर जाला. मग कुणी काही म्हणेना, नुसत्या एकमेकींकडे बघायला लागल्या. लोकांकडे लग्नाची वर्षं मोजायला पंचांग असतं. हिरामणच्या घरी मासा होता, आणि तो दर वर्षी अख्ख्या गावासमोर वर निघत होता. प्रणिताला त्या माशाचा मनापासून राग यायचा. राग म्हणजे किती, तर गावी पोचली की पिशवी ओटीवर ठेवून ती आधी तळ्याकडे जायची. दुसऱ्यांच्या तोंडून कळण्याआधी आपणच बघून घ्यावं, यंदा मेला केवढा झालाय.

उपाय करायचे राहिले नव्हते. नवस झाले, पनवेलचे डॉक्टर झाले. डॉक्टरांनी दोघांना तपासून सांगितलं, कुणातच काही दोष नाही. हे ऐकून आधी बरं वाटलं आणि मग जास्तच वाईट वाटलं, कारण ज्याला दोष नाही त्याला औषधही नाही. सासू बायजाबाई शेवटच्या आजारातही सुनेला कधी टाकून बोलली नाही. ती गेली आणि हिरामण त्या घरात एकटा उरला.

प्रणिता नववीला 'सजीवांची लक्षणे' हा धडा शिकवायची तेव्हा फळ्यावर एकेक लक्षण लिहीत जायची: वाढ, श्वसन, पोषण, उत्सर्जन. प्रजनन हा शब्द ती नेहमी सगळ्यात शेवटी आणि जरा घाईनं लिहायची. एका वर्षी पूजा नावाची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली.

"मॅडम, आमच्या आत्येला मूलबाळ नाय. मग ती सजीव नाय का?"

वर्ग खो खो हसला. प्रणिता हसली नाही. तिनं खडू खाली ठेवला आणि तिला जे पक्कं माहीत होतं ते सांगितलं. "श्वास थांबला तर जीव मरतो. अन्न मिळालं नाही तरी मरतो. पण प्रजनन झालं नाही म्हणून कुणी मरत नाही. प्रजनन त्या जातीला टिकायला लागतं, त्या एका जिवाला जगायला लागत नाही."

पूजा खाली बसेना. "मग तो एक जीव जगतो कशासाठी?"

"ते पुस्तकात नाहीये," प्रणिता म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली म्हणून निभावलं.

शिक्षकांच्या खोलीत तिनं हा प्रश्न संस्कृतच्या दत्तात्रेय सरांपुढे टाकला. सर खूश झाले. असा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता. जन्माचा हेतू म्हणजे स्वतःला ओळखणं, असं ते म्हणाले. मग म्हणाले, तसं नव्हे, वाट्याला आलेलं काम चोख करणं. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, खरं म्हणजे या सगळ्यातून सुटणं हाच हेतू.

"आणि यातलं काहीच ज्याला जमत नाही, त्यानं?" प्रणितानं विचारलं.

"त्यानं चहा प्यावा," सर म्हणाले आणि त्यांनी तिच्यापुढे कप सरकवला. गमतीचा माणूस. पण प्रणिताला तो प्रश्न पुरता चिकटला. ती पुलावरून घरी चालत जाताना कुंडलिकेचं पाणी बघायची आणि मनात म्हणायची, जीवशास्त्र म्हणतं तू जगायला हरकत नाही, पण कशासाठी ते आम्हाला विचारू नकोस.

अशात एका एप्रिलमध्ये निरोप आला. प्रविणच्याच कंपनीत काळुराम म्हणून गावचा माणूस होता. तो संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, "प्रविण, तुज्या बाबानं सांगितलंय, गावाला डांबरी रस्ता येतोय. आपलं तलं त्याच्यात जातंय. बुजवाचं हाय. बारशाच्या जिताड्याचं कं कराचं ते ठरवाला रविवारी ये." मग आत नजर टाकून जरा हळू आवाजात म्हणाला, "तू एकटा आलास तरी चालंल, म्हनाला."

प्रणिता आत पोळ्या लाटत होती. तिनं सगळं ऐकलं. एकटा आला तरी चालंल! इतक्या वर्षांत सासऱ्यानं असा निरोप कधी पाठवला नव्हता. आणि महिन्याभरापूर्वीच हिरामणची बहीण पुतळीआत्या अष्टमीला येऊन, खोबऱ्याची वडी खाता खाता, कुठल्याशा गावच्या मुलीचं भरभरून कौतुक करून गेली होती. दोन आणि दोन चार करायला गणिताचा शिक्षक लागत नाही.

"मी येणार आहे," तिनं प्रविणला सांगितलं.

"ये की," प्रविण म्हणाला. प्रविण माणूस सोन्यासारखा, पण बोलायची वेळ आली की त्याला नेमकी तहान लागायची. तो उठून पाणी प्यायला गेला.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं दोघं निघाली. त्या गाडीला तेव्हा कसलीच घाई नसे. नागोठण्याला काकड्या विकणाऱ्या बाया चढायच्या, कासूला कुणी तरी धावत येतोय म्हणून डब्यातली माणसं दारातून ओरडायची. प्रणिताला ही गाडी फार आवडे. लग्नानंतर पहिल्यांदा रोह्याला गेली ती हिच्यातूनच, खिडकीशी बसून, मांडीवर नव्या भांड्यांचं पोतं घेऊन. त्या दिवशी मात्र तिला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. हे घर आपलं राहतंय की नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पेणला उतरून गावची एस.टी. धरली.

तळ्यावर अर्धं गाव जमलं होतं. पंप लावून पाणी बरंच उपसलं होतं. काळुरामच्या बायकोनं मसाला वाटून ठेवल्याचा वास पार रस्त्यापर्यंत आला होता. हिरामण गुडघाभर पाण्यात उभा होता. सुनेला बघून त्याचा चेहरा पडला.

"तू कनाला आलीस गो?" तो म्हणाला.

आपण कशाला आलो, हे आता सासऱ्यानंच विचारावं! ती काठावरच उभी राहिली. प्रविण पँट दुमडून पाण्यात उतरला. जाळं ओढत ओढत कोपऱ्यात आणलं आणि पाणी एकदम फुटलं. बारशाचा जिताडा वर आला. नुकत्याच जन्मलेल्या वासराला उचलावं तसं दोघांना मिळून त्याला उचलावं लागलं. अंगावरचे खवले उन्हात चमकत होते. मागच्या वर्षीपेक्षा तो आणखी वाढला होता. गाव "अबाबाबा" म्हणालं.

आणि तेवढ्यात पुतळीआत्याला राहवलं नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हिरामन, बारशाचा म्हून वाढवलास आन बारशाबिगर कापतंस? आदी बारशाचं बघ. एका जमिनीत पिकत नाय तं मानूस दुसरी..."

"आत्या, गप बस!" प्रविण ओरडला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला तहान लागली नाही. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. सगळ्या बायका चिखलाकडे बघायला लागल्या.

प्रणिता पुढे झाली. चप्पल चिखलात रुतली ती तशीच सोडली आणि ती पाण्यात उतरली. तिनं जाळ्यातल्या जिताड्याकडे बोट दाखवलं.

"मामा, मला एकदा सांगून टाका. हिनं इतकी वर्षं या तळ्यात काढली. एक पिल्लू दिलं नाही. मग ती फुकटच जगली का?"

ती माशाबद्दल विचारत नव्हती हे काठावरच्या पोरासोरांनाही कळलं. हिरामणनं जाळ्याचा दोर लेकाच्या हातात दिला, ओला हात धोतराला पुसला आणि तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"फुकट?" तो म्हणाला. "अगो, तुजी सासू गेली तवा मी खाटेवरून उठत नव्हतो. उठून कं कराचं? घरात मानूस नाय, बोलाला कोन नाय. तीन दिस पडून व्हतो. मंग याद आली, तल्यात ही उपाशी हाय. उठलो, पागाचं जालं घेतलं, खाडीवर गेलो, चिखलातली निवट्यांची मासली धरून आनली, हिला टाकली. दुसऱ्या दिशी परत गेलो. तवापासून रोज सकाली उठतंय ते हिच्यासाठी. आन तू म्हनतंस फुकट जगली?"

पंप तेवढा फटफटत होता.

"पण बारसं..." प्रणिता म्हणाली.

"कसला बारसं! तवा मना आजोबा व्हाची घाई लागली व्हती, बोलून गेलो. लोकांना बोलाला कायतरी पायजे. मी तं कवाच सोडलं ते."

"मग दर वर्षी मला हिला उचलून का दाखवायचात?"

"मी कं तुना हिनवाला दाखवतंय? तूच तं बघाला येतंस! आल्या आल्या पिशवी ठेवलीस का तल्यावर. सासऱ्याला पानी इचारत नाय, पन जिताडा केवढा जाला ते बघाला पयली. मना वाटलं, या घरात माज्याबिगर हिच्यावर जीव कुनाचा हाय तं तुजा. म्हून तं निरोप धाडला, प्रविण एकटा आला तरी चालंल. तुना बघवनार नाय, असा वाटला."

प्रणिताला आधी संताप आला, तो सगळा स्वतःचाच. किती वर्षं तिनं एका मुक्या जनावराचा दुस्वास केला होता, आणि हा म्हातारा त्यालाच माया समजून बसला होता! मग तिला आठवलं. पुष्कळ वर्षांपूर्वी तिनं याच काठावर सहज सांगितलं होतं, की जिताडा लहानपणी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो. गाव पोट धरधरून हसलं होतं. हिरामण हसला नव्हता. त्या दिवसापासून अख्ख्या गावात तो एकटा त्या माशाला 'ती' म्हणत आला होता, आणि तिच्या हे कधी लक्षातही आलं नव्हतं. तिला एकदम हसू आलं आणि हसता हसता रडू कोसळलं. सासऱ्यासमोर, गावासमोर, गुडघाभर चिखलात उभी राहून ती ढसढसा रडली. फार वर्षांचं साचलेलं होतं.

हिरामण गोंधळला. बायका रडल्या की काय करायचं हे त्याला आयुष्यभर कळलं नव्हतं. "बरं, मंग तूच सांग," तो घाईघाईनं म्हणाला. "कापाची का कं कराची? तू म्हनशील तसा. मी तं सुरीला हात लावनार नाय."

"खाडीत सोडू या," प्रणिता म्हणाली.

"आन माजा मसाला?" काळुरामची बायको काठावरून कळवळून ओरडली. सगळे हसले, पुतळीआत्यासुद्धा. तळ्यातली बाकीची मासळी टोपल्या भरून होतीच, मसाला काही वाया जाणार नव्हता.

काळुरामनं कधी कंपनीतून आणलेलं एक निळं पिंप त्याच्याच बैलगाडीवर चढवलं, त्यात तळ्याचंच पाणी भरलं आणि जिताडा आत सोडला. बांधावर जिथे खाडीचं पाणी आत-बाहेर करायला फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिथपर्यंत हिरामण गाडीबरोबर पायी चालला, एक हात पिंपावर ठेवून. तिथे पोचल्यावर प्रणिता बराच वेळ पिंपात खाडीचं पाणी थोडं थोडं घालत राहिली, म्हणजे माशाला खाऱ्याची सवय होईल.

"जगंल ना गो?" त्यानं विचारलं.

"जगेल असं वाटतं. पण पहिल्याच जाळ्यात सापडूही शकते," तिनं खरं ते सांगितलं.

"आन पिल्लं?"

"तेही होतील कदाचित. झाली नाहीत तरी चालेल, मामा."

भरती लागली होती. दोघं चिखलात उतरली. त्यानं डोक्याकडून धरलं, तिनं शेपटाकडून. माशाचं अंग थंड आणि जड होतं. इतक्या वर्षांत प्रणितानं त्याला पहिल्यांदाच हात लावला होता. पाण्यात सोडल्यावर जिताडा क्षणभर तसाच थांबला, मग शेपटाचा एक फटका मारून गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. मागे वळून वगैरे त्यानं काही बघितलं नाही. माशांना तसली रीत नसते.

हिरामण बांधावर येऊन बसला. काळुराम गाडी वळवायला गेला, प्रविण पिंप धुवायला. म्हातारा बराच वेळ पाण्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यानं काही खटपट केली नाही.

"उद्या सकाली मी कनाला उठू गो?" तो म्हणाला.

पूजाला जे उत्तर देता आलं नव्हतं ते प्रणिताला अजूनही ठाऊक नव्हतं, आणि दत्तात्रेय सरांची तिन्ही उत्तरं या बांधावर काही कामाची नव्हती. ती त्याच्या शेजारी बसली. तिनं ओल्या पदरानं हात पुसले.

"मामा, उद्यापासून माझी सकाळची शाळा आहे," ती म्हणाली. "प्रविणची रात्रपाळी असते. घरात मला हाक मारून उठवायला कुणी नसतं. घड्याळाचा गजर मला ऐकू येत नाही, दर वर्षी उशीर होतो, मुख्याध्यापक डोळे वटारतात. तुम्ही चला अष्टमीला."

"मी? दोन खोल्यांत?"

"तीन माणसांना दोन खोल्या पुष्कळ झाल्या."

भरतीचं पाणी उघाडीच्या फळ्यांवर थपथप आपटत होतं. हिरामण मनात घराला कुलूप लावत होता, कोंबड्या कुणाकडे ठेवायच्या ते ठरवत होता, हे त्याच्या तोंडावर सगळं दिसत होतं.

"किती वाजता उठवू?" शेवटी त्यानं विचारलं.

"साडेपाचला."

त्याच संध्याकाळी तिघं अष्टमीला आली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तिला पाचलाच उठवलं. चहा करून, कप उशाशी ठेवून, "पोरी, ऊठ गो, उजाडला" अशी खाडीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हाक मारून. शेजारचेही उठले. मग ते रोजचंच झालं, सकाळची शाळा असो वा दुपारची, आणि पुढे शेजारच्यांनीही घड्याळं लावायची सोडून दिली.

हिरामणला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. प्रणिताही निवृत्त झाली, तिला उठून कुठे जायचं नसतं. तरी पहाटे पाचला तिला जाग येते. ती थोडा वेळ पडून राहते, हाक येणार नाही हे तिला ठाऊक असतं, आणि मग ती उठते.